कोकणकडा फोटोत का मावत नाही?

हिवाळ्यातल्या कुठल्याही शनिवारी संध्याकाळी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर एक ठरलेला सोहळा असतो. पाचनईच्या किंवा खिरेश्वरच्या वाटेने चढून आलेली मंडळी काठाशी ओळीने बसतात, आणि सूर्य खाली झुकू लागला की पन्नासेक मोबाइल एकदम वर होतात. लाल गोळा कोकणातल्या धुरकट थरात बुडतो, कुणी टाळ्या वाजवतं, कुणी शिवाजी महाराजांचा जयजयकार करतं, आणि पुढच्या पाच मिनिटांत सगळा जमाव पिठलं-भाकरीच्या वासामागे तंबूंकडे निघालेला असतो. रविवारी रात्री एसटीत रेंज आली की त्यातला एक फोटो घरच्या ग्रुपवर पडतो. आई विचारते, "हे कुठलं मैदान रे?"

आईचं चुकत नाही. फोटोत वर पांढरट आभाळ आहे, खाली काळी पट्टी आहे आणि मधोमध बटणाएवढा सूर्य. ज्या कड्याच्या काठाशी पोटावर झोपून दरीत डोकावताना छातीत धडधडलं होतं, तो कडा फोटोत आलेलाच नाही. पोराला वाटतं, फोन जुना झाला. मग नवा फोन येतो, कधी कर्जाच्या हप्त्यावर कॅमेरा येतो, आणि पुढच्या हिवाळ्यात तेच मैदान जास्त मेगापिक्सेलमध्ये टिपलं जातं.

दोष यंत्रात फारच क्वचित असतो. डोळा आणि लेन्स या दोघांच्या पाहण्याच्या पद्धतीच वेगळ्या आहेत. डोळ्याला एका वेळी अगदी बारकाईने दिसतं ते जेमतेम दोन-तीन अंशांत, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याएवढ्या भागात. तो भराभर फिरतो, उजेडात बाहुली आकसतो, सावलीत फाकवतो, आणि या शेकडो तुकड्यांचं एक भव्य चित्र मेंदू जुळवून देतो. त्यात वाऱ्याचा आवाज असतो, थकलेले गुडघे असतात. बिनकामाच्या गोष्टी मेंदू परस्पर गाळून टाकतो. लेन्सला हा पक्षपात जमत नाही. तिच्यासमोर जे आहे ते सगळं, एकाच क्षणी, एकाच मापाने चौकटीत येतं. पुढ्यातली पाण्याची बाटलीसुद्धा.

त्यात फोनची मुख्य लेन्स चांगलीच रुंद पाहणारी असते. मोठ्या कॅमेऱ्याच्या हिशेबात सांगायचं तर २४ ते २६ मिलिमीटरच्या आसपासची. म्हणजे आडवा धरलेला फोन साधारण सत्तर अंशांचा पसारा एका चौकटीत कोंबतो. समोरचा डोंगर दहा अंश रुंद असेल तर नजरेला तोच तेवढा दिसतो, पण फोटोच्या रुंदीत त्याच्या वाट्याला जेमतेम सातवा हिस्सा येतो. त्यावर नवखा माणूस हमखास 'सगळं यावं' म्हणून ०.५ चं बटण दाबतो आणि डोंगराचा मुंगळा करून टाकतो. खरं तर दूरच्या रांगा टिपायच्या असतील तर उलट जायला हवं. फोनला दुप्पट-तिप्पटची वेगळी लेन्स असेल तर ती वापरायची, कॅमेऱ्याला ७० ते २०० मिलिमीटरची. कळसूबाईच्या माथ्यावरून हिवाळी सकाळी एकामागे एक निळसर होत जाणाऱ्या ज्या रांगा दिसतात, त्या लांब पल्ल्याच्या लेन्सनेच एकमेकींवर रचल्यासारख्या येतात. मागची रांग पुढचीपेक्षा फिकी आणि निळी का, तर मधल्या हवेत विखुरलेला उजेड तिच्यावर पडदा धरतो. जितकी हवा जास्त, तितका पडदा जाड. फोनच्या पडद्यावर बोटांनी ताणून मोठं करणं याला मात्र झूम म्हणू नये. ती फक्त कात्री आहे.

रुंद लेन्स वाईट असं नाही. तिला जवळचं काहीतरी खायला द्यावं लागतं, एवढंच. दोन-तीन फुटांवर एखादा भेगाळलेला कातळ, करवंदीची जाळी, वाळलेल्या गवताचे तुरे असं काही पुढ्यात घेतलं की नजर त्यावर पाय ठेवून मागे मागे जाऊ लागते. किंवा माणूस घ्यावा. लाल रेनकोट घातलेला मित्र काठापासून चार पावलं आत, लहानसा दिसेल असा उभा केला की त्याच्या शेजारचा कडा आपोआप प्रचंड होतो. चार पावलं आत हे मुद्दाम लिहिलं आहे. कोकणकड्याचा काठ पुढे झुकलेला आहे, खाली काय आहे ते वर उभ्या माणसाला दिसत नाही, आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे सरकणाऱ्या माणसाला तर काहीच दिसत नाही.

आता त्या पांढरट आभाळाचं. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर मुळात साध्या बुद्धीचा प्राणी आहे. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं असतं, अंदाजे अठरा टक्के उजेड परतवणारं, असं गृहीत धरून तो हिशेब करतो. सह्याद्रीत हे गृहीतक दोन्ही टोकांना फसतं. पावसाळ्यात माळशेज घाटात समोर नुसतं पांढरं धुकं असतं. मीटर म्हणतो, उजेड फार झाला, आणि धुक्याचा रंग धुण्याच्या पाण्यासारखा करून ठेवतो. तिथे एक्स्पोजर मुद्दाम वाढवावं लागतं, अधिक एक किंवा थोडं जास्त. उलट फ्रेमभर काळाकुट्ट बेसॉल्ट असेल तर मीटर त्याला उजळून राखेचा रंग देतो, तिथे एक्स्पोजर खाली आणायचं. सूर्यास्ताला फोनच्या पडद्यावर जमिनीवर टिचकी मारली तर आभाळ जळून पांढरं होतं, आभाळावर मारली तर त्याचे रंग टिकतात आणि जमीन काळवंडते. डिजिटल फोटोत काळवंडलेल्या भागातून बऱ्यापैकी काही वर काढता येतं. जळून पांढऱ्या झालेल्या भागात मात्र माहितीच उरलेली नसते, तिथून कुठलंही ॲप काहीही परत आणत नाही. म्हणून आभाळ सांभाळावं. कॅमेऱ्यात 'रॉ' स्वरूपात फोटो साठवण्याची सोय असेल तर ती सुरू ठेवावी. काळोखातून तपशील वर काढायला ती जेपीईजीपेक्षा कितीतरी जास्त वाव देते.

पण या दोन्ही गोष्टी दुरुस्त केल्या तरी आईला कडा दिसेलच असं नाही. कारण मूळ चूक वेगळीच आहे. पन्नासच्या पन्नास मोबाइल सूर्याकडे रोखलेले होते.

कोकणकडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे आणि आतल्या बाजूला अर्धचंद्रासारखा वळलेला आहे. खाली साधारण किलोमीटरभर खोल कोकण. सकाळभर कड्याचं तोंड सावलीत असतं. दुपार कलली की ऊन हळूहळू त्याच्या अंगावर चढतं, आणि सूर्य मावळण्याआधीच्या अर्ध्या तासात तर ते थेट समोरून, आडवं, तांबूस होऊन कातळावर पडतं. कड्याच्या मधोमध बसलेल्याला यातलं काहीच दिसत नाही, कारण उजळलेला कातळ त्याच्या पायाखाली असतो. तोच माणूस कमानीच्या एका टोकाकडे चालत गेला आणि सूर्याकडे न बघता बाजूला वळला, तर दुसरं टोक भट्टीतल्या विटेसारखं पेटलेलं त्याच्या समोर येतं. निसर्गाचा फोटो सुधारायचा तर नवख्याने सर्वांत आधी हेच शिकायला हवं. उजेडाचा उगम टिपण्याऐवजी उजेड ज्याच्यावर पडलाय ते टिपायचं, आणि तो कधी, कुठून, कशावर पडणार हे आधी शोधून ठेवायचं. बाकीचं सगळं तंत्र याच्या मागून येतं.

सह्याद्रीला आडवा उजेड इतका मानवतो याचं कारण त्याच्या हाडांत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरत गेले आणि त्यांचं दख्खनचं पठार झालं. यातले काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ झिजले, टणक राहिले, आणि डोंगरांना पायऱ्या पडल्या. भूगर्भशास्त्रात या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' हा शब्दच मुळी पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलेला. भर दुपारी ऊन डोक्यावरून पडतं तेव्हा या पायऱ्या, घळी, कपारी सगळ्या एकाच सपाट तपकिरी रंगात विरघळतात. ऊन बाजूने आलं की प्रत्येक पायरीखाली सावलीची रेघ उमटते आणि डोंगराला पीळ दिसू लागतो. पत्रावर उमटलेला पोस्टाचा अस्पष्ट शिक्का वाचायला कागद दिव्यासमोर तिरका धरतात, तसाच हा प्रकार.

या आडव्या उजेडाच्या वेळेला फोटोग्राफीच्या पुस्तकांत 'गोल्डन अवर' म्हणतात. नवखे ते वाचून सूर्यास्ताच्या तासभर आधी निवांत ट्रायपॉड लावतात आणि फसतात. कारण ही पुस्तकं बहुतेक युरोप-अमेरिकेत लिहिलेली, आणि आपल्याकडचा सूर्य मावळतो वेगळ्या तऱ्हेने. तो आकाशात तासाला पंधरा अंश सरकतो. पण क्षितिजाशी तो किती तिरका उतरतो हे अक्षांशावर ठरतं. मार्च किंवा सप्टेंबरच्या उत्तरार्धात, दिवस-रात्र समान असताना, १८-१९ अक्षांशावरच्या महाराष्ट्रात तो जवळजवळ सरळ खाली, तासाला चौदा अंशांहून जास्त वेगाने उतरतो. त्याच दिवसांत ५१ अक्षांशावरच्या लंडनमध्ये हा वेग तासाला नऊ-साडेनऊ अंश भरतो. सोनेरी उजेड सूर्य क्षितिजापासून साधारण सहा अंशांच्या आत आल्यावर सुरू होतो असं धरलं, तर लंडनकराला त्यासाठी चाळीस मिनिटं मिळतात आणि पुणेकराला पंचवीस. जूनमध्ये तर लंडनचा सूर्य आणखी तिरका उतरतो आणि त्याचा हा वेळ आणखी लांबतो. आपला 'अवर' म्हणजे अर्धा तासही नाही. तेवढ्यात जागा शोधायची, दगड ओलांडायचे, पिशवीतून लेन्स काढायची, हे जमत नाही. जागा दुपारीच हेरून ठेवावी लागते.

दुपारबद्दलही एक गैरसमज पसरलेला आहे, की दुपारी कॅमेरा बाहेर काढूच नये. मे महिन्यात हे शंभर टक्के खरं. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस पुण्या-मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. अशा उन्हात डोंगरच काय, माणसाचा चेहराही धड दिसत नाही. पण डिसेंबरच्या उत्तरार्धात पुण्यात भर माध्यान्हीलासुद्धा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो. मीटरभर काठीची सावली तेव्हा नव्वद सेंटिमीटर पडते. हिवाळ्यात सकाळी अकरा किंवा दुपारी दोन वाजता नाणेघाटाजवळच्या जीवधनचा वानरलिंगी सुळका टिपून पाहावा, सावल्या पुरेशा लांब असतात.

निसर्गचित्रणात ज्याचं नाव सगळ्यांत जास्त घेतलं जातं, त्या अमेरिकन ॲन्सेल ॲडम्सच्या सर्वांत गाजलेल्या फोटोंपैकी एक दुपारचाच आहे. ॲडम्स १९१६ साली, चौदा वर्षांचा असताना, आईवडिलांबरोबर पहिल्यांदा योसेमिटीच्या खोऱ्यात गेला. हातात त्यांनीच दिलेला कोडॅकचा साधा बॉक्स ब्राउनी, म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्याला एक भिंग. 'हाफ डोम' नावाचा प्रचंड कातळ टिपायला तो झाडाच्या एका कुजक्या बुंध्यावर चढला, बुंधा ढासळला, पोरगं उलटं खाली कोसळलं आणि पडता पडता बटण दाबलं गेलं. रीळ धुणाऱ्याला एकच फोटो उलटा का आलाय ते कळेना. पुढे ॲडम्स दरवर्षी त्या खोऱ्यात जात राहिला.

१० एप्रिल १९२७ रोजी तो त्याच कातळासमोर पुन्हा उभा होता. या वेळी अवजड कॅमेरा आणि बारा काचेच्या प्लेटा पाठीवर घेऊन, बर्फातून चढून, कातळाच्या बाजूला असलेल्या 'डायव्हिंग बोर्ड' नावाच्या खडकावर. पोहोचला तेव्हा हाफ डोमचं तोंड सावलीत होतं आणि जवळ दोनच प्लेटा उरल्या होत्या. तो ऊन येईपर्यंत थांबला. ऊन कातळावर सरकलं तशी त्याने पिवळा फिल्टर लावून एक प्लेट खर्च केली. आणि त्याच्या लक्षात आलं, की हे डोळ्याला दिसतंय तसं उतरेल, पण मनात जसं उभं राहिलंय तसं नाही. शेवटच्या प्लेटला त्याने गडद लाल फिल्टर लावला. लाल काच निळा रंग अडवते, म्हणून काळ्यापांढऱ्या प्लेटवर निळं आभाळ जवळजवळ काळं झालं आणि त्यासमोर उन्हातला कातळ उसळून वर आला. 'मोनोलिथ, द फेस ऑफ हाफ डोम' तो हाच. पहिल्या उलट्या फोटोपासून इथवर अकरा वर्षं लागली, आणि जागा तीच होती.

त्याचा दुसरा प्रसिद्ध फोटो तर गाडी चालवता चालवता सापडलेला. १ नोव्हेंबर १९४१ च्या संध्याकाळी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ नावाच्या खेड्याजवळ त्याला पूर्वेला चंद्र वर आलेला दिसला आणि समोरच्या दफनभूमीतले पांढरे क्रूस पश्चिमेच्या शेवटच्या उन्हात चमकताना दिसले. कॅमेरा लावेपर्यंत उजेड मोजायचा मीटर सामानात सापडेना. पण पूर्ण चंद्राची दीप्ती दर चौरस फुटाला अडीचशे कँडल हे त्याला पाठ होतं. त्यावरून त्याने मनातल्या मनात एक्स्पोजर काढलं, एक निगेटिव्ह घेतली, आणि दुसरीची तयारी करेपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलेलं होतं. त्या एका निगेटिव्हच्या त्याने आयुष्यभरात हजाराहून अधिक प्रिंटा काढल्या, आणि वर्षं सरली तसं त्यातलं आभाळ तो अधिकाधिक काळं करत गेला. मोबाइलवर फोटो 'एडिट' करणाऱ्याला जे लोक फसवा म्हणतात, त्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

हर्नांडेझच्या फोटोत आपल्याकडच्या पौर्णिमेच्या ट्रेकवाल्यांसाठी एक उपयोगाची खूण आहे. पौर्णिमेच्या रात्री गडावरून चंद्राचा फोटो काढला की तो नेहमी भाकरीच्या पिठाचा कण पडल्यासारखा येतो. त्याची दोन कारणं. एक म्हणजे चंद्र आकाशात फक्त अर्धा अंश रुंद आहे, २४ मिलिमीटरच्या लेन्समध्ये तो चौकटीच्या रुंदीचा जेमतेम एकशेसाठावा भाग होतो. दुसरं, अंधार पडल्यावर उन्हात न्हालेला चंद्र आणि काळोखातला गड यांच्या उजेडात इतकी तफावत होते की एकाला सांभाळलं तर दुसरा जातो. उपाय पंचांगात आहे. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, आणि पौर्णिमेला सूर्यास्ताच्या आसपास. म्हणजे चतुर्दशीला तो सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी वर आलेला असतो. गडाच्या तटबंदीवर अजून पश्चिमेचं ऊन आहे आणि मागे पूर्वेला चंद्र. अशा वेळी लांबून, दोनशे मिलिमीटरच्या किंवा त्याहून मोठ्या लेन्सने बुरूज टिपला तर चंद्र बुरुजाच्या मापाचा दिसतो. फोटोग्राफरची पौर्णिमा एक दिवस आधी असते.

पावसाळा हा आपल्याकडच्या नवख्यांचा सर्वांत आवडता मोसम आणि सर्वांत जास्त फोटो वाया जाणाराही. सगळीकडे हिरवं असतं, पण फोटोत ते चकचकीत पांढरट दिसतं, कारण ओल्या पानांवर आभाळाचं प्रतिबिंब पडलेलं असतं. इथे पोलरायझर नावाचा फिल्टर कामाला येतो. लेन्सपुढे तो गोल फिरवला की ठरावीक कोनात पानांवरची, ओल्या कातळावरची चकाकी पुसली जाते आणि खालचा खरा हिरवा वर येतो. पोलराइज्ड काचेचा गॉगल फोनच्या लेन्ससमोर धरून फिरवला तरी हाच चमत्कार दिसतो. मोकळ्या आभाळात त्याचा सर्वाधिक परिणाम सूर्यापासून काटकोनात असलेल्या भागावर होतो. अंगठा सूर्याकडे रोखावा, तर्जनी काटकोनात धरावी आणि मनगट फिरवावं. तर्जनी जिथून जिथून जाते तिथलं आभाळ गडद होईल. म्हणूनच रुंद लेन्सवर तो जपून वापरतात, नाहीतर अर्धं आभाळ गडद आणि अर्धं फिकं असा पट्टा येतो.

धबधब्यांविषयी मात्र थोडं कुरकुरावंसं वाटतं. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून शटर अर्धा-एक सेकंद उघडं ठेवलं की पाणी रेशमासारखं दुधाळ होतं, हे एकदा कळलं की नवख्याच्या हातून कोसळणारा रंधा धबधबासुद्धा सुटत नाही. ओहोळाला, दगडांवरून घरंगळणाऱ्या झऱ्याला ते शोभतं. पण पावसाळ्यात प्रवरेचं सगळं पाणी घेऊन जो गर्जत उडी मारतो, त्याला दूध करून ठेवण्यात काय मजा? तिथे सेकंदाच्या पाचशेव्या भागात पाण्याचे फुटलेले गोटे टिपले तर आवाजसुद्धा ऐकू यावा असा फोटो होतो.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. एसी लावलेल्या गाडीतून थंडगार कॅमेरा घाटातल्या दमट हवेत बाहेर काढला की लेन्सवर ताबडतोब वाफ धरते, आणि पुसली तरी पुन्हा धरते. कॅमेऱ्याची पिशवी डिकीत ठेवावी, किंवा पोहोचण्याच्या अर्धा तास आधी एसी बंद करून काचा खाली घ्याव्यात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ती ठेवली तर वाचते. तांदळाच्या डब्यात ठेवू नये, त्यातला भुसा नको तिथे शिरतो.

पाऊस ओसरत आला की पावलं कासकडे वळतात. साताऱ्याजवळचं हे पठार २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. तिथल्या फुलांचे गालिचे फोटोत बहुतेकदा रंगीत बुरशीसारखे दिसतात. कारण फोटो उभ्याने काढलेला असतो, पाच-साडेपाच फुटांवरून, सगळ्या जगाच्या उंचीवरून. ठरवून दिलेल्या वाटेवरच गुडघे टेकून, कॅमेरा फुलांच्या पातळीवर आणून पाहावं. पांढऱ्या गेंदाचा एक गुच्छ लेन्सपासून वीतभर अंतरावर, त्याच्या आड जांभळी सीतेची आसवं, मागे तेरड्याची गुलाबी पट्टी आणि वर ढग. हीच सीतेची आसवं बारीक किडे पकडून खाणारी आहेत हे वर उभं राहून कुणाला सुचणारही नाही. इथे ढगाळ आभाळ वरदान ठरतं. नाजूक पाकळ्यांवर कडक सावल्या पडत नाहीत. वारा मात्र सतत असतो, म्हणून शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या आसपास ठेवावं आणि झुळूक थांबायची वाट पाहावी. फुलांच्या मधोमध लोळून फोटो काढणाऱ्यांबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. तेवढ्या जागेत नंतर काय उगवतं ते दिसतंच.

फोकसची कटकट फोनवाल्यांना फारशी नसते, छोट्या सेन्सरमुळे जवळचं-लांबचं बहुतेक स्पष्टच येतं. मोठ्या कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स, एफ ११ आणि फोकस पावणेदोन मीटरवर ठेवला, तर जवळजवळ मीटरभर अंतरापासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं धारदार राहतं. एफ २२ वर नेऊ नये, छिद्र फार बारीक झालं की प्रकाश कडेवर विखुरतो आणि सगळंच थोडं मऊ पडतं. पडद्यावर ग्रिडच्या रेघा सुरू ठेवाव्यात. चौकटीचे तीन भाग पाडण्याचा नियम पाळायला नको इतका पाळला जातो, पण समुद्राचं क्षितिज तिरकं आलेलं दिसलं की पाणी फोटोतून सांडेल असं वाटतं, आणि तेवढं तरी रेघा वाचवतात. सूर्यास्ताला व्हाइट बॅलन्स 'ऑटो'वर ठेवला तर कॅमेरा तो तांबूस रंग म्हणजे चूक समजून दुरुस्त करतो. 'डेलाइट' किंवा 'क्लाउडी'वर ठेवला की ऊन उन्हासारखं राहतं. आणि नंतर मोबाइलवर हिरवा रंग किती वाढवायचा, हे घरातल्या कुंडीतल्या तुळशीकडे एकदा बघून ठरवावं.

कोकणकड्यावर उजेडाचा एक खेळ असा आहे की तो पाहायला सूर्याकडे पाठच करावी लागते. समोर दरीत धुकं असेल आणि सूर्य मागून, खालच्या कोनातून येत असेल, तर त्या धुक्यावर बघणाऱ्याची स्वतःची सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळ उमटतं. आपल्याकडे त्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने हरिश्चंद्रगडावरून पाहिलेल्या या गोल इंद्रधनुष्याचं वर्णन १८३५ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांना एकाच वेळी दिसतं, पण प्रत्येकाला वर्तुळ स्वतःच्याच डोक्याभोवती. दुसऱ्याच्या डोक्याभोवती ते कधीच दिसत नाही.

असल्या गोष्टी एका फेरीत हाती लागत नाहीत. घराजवळचीच एक जागा धरावी, वेताळ टेकडी असो, गावचा तलाव असो, नाहीतर गच्ची, आणि वर्षभर तिथे जात राहावं. गच्चीवरूनही बरंच कळतं. डिसेंबरमध्ये सूर्य पश्चिमेच्या सुमारे पंचवीस अंश दक्षिणेला मावळतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. मार्चच्या आसपास तर तो रोज जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतका उत्तरेकडे सरकतो. आज तो समोरच्या देवळाच्या शिखराच्या डावीकडे मावळला असेल, तर नेमका कळसामागे कोणत्या संध्याकाळी येईल हे चार दिवस आधी सांगता येतं. त्या संध्याकाळी मात्र ढग नसावेत.

पुन्हा कोकणकड्यावर. सूर्य बुडाला, टाळ्या वाजल्या, गर्दी उठली. कमानीच्या उत्तर टोकाशी कुणीतरी एकटंच ट्रायपॉड तसाच ठेवून बसलेलं आहे. कातळावरचं ऊन विझलंय, सगळं राखाडी झालंय, बोटं गारठलीत. दहा-बारा मिनिटं काहीच होत नाही. मग क्षितिजाखाली गेलेल्या सूर्याचा उजेड वर, उंचावरच्या विरळ ढगांच्या पोटाला लागतो. आधी एक ढग गुलाबी होतो, मग शेजारचा, मग आभाळभर. तो रंग परावर्तित होऊन समोरच्या कातळावर इतका मंद उतरतो की डोळ्याला शंका यावी. शटर चार सेकंदांवर लावलेलं आहे. तंबूकडून हाक येते, "अरे, भाकरी गार होतेय!" आणि काठावरून उत्तर जातं, "पाच मिनिटं."